वाचकांचे प्रश्न : लव पाहू नका, डोकं पाहा

प्रश्न : कॅलिफोर्नियातल्या ‘डॅसिम्युटिला ऑरिओला’ या मखमली मुंगीच्या तीन फोटोंत एक पिवळी, एक केशरी, तर एक तांबडी दिसली. ही एकच जात कशी? ती ओळखावी कशावरून?

उत्तर : जात एकच. मुंगी म्हणत असलो तरी ही बिनपंखांची गांधीलमाशीची मादी आहे आणि तिची लव पिवळ्यापासून तांबड्यापर्यंत कुठल्याही छटेची असू शकते. रंगावरून नाव ठरवलंत तर फसाल, कारण ‘डॅसिम्युटिला कॉक्सिनिओहिर्टा’ ही पश्चिमेकडचीच दुसरी जातही केशरी-तांबडी असते. आधी डोकं पाहा. ऑरिओलाचं डोकं वक्षापेक्षा, म्हणजे डोकं आणि पोट यांच्यामधल्या भागापेक्षा, स्पष्ट रुंद असतं.

ही रुंदी तिरक्या फोटोत कळत नाही. बरोबर वरून एक, बाजूने एक आणि पोटाच्या टोकाचा एक, असे तीन फोटो घ्या. कडक उन्हात केशरी लव पिवळी उमटते, म्हणून सावली धरा. मुंगी सतत पळते. कागदाच्या तुकड्याने तिला बाटलीत वळवा आणि दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे ती मंदावेल. बोटांनी कधीही धरू नका. नांगी लांब असते आणि पोट वळवून ती कुठल्याही बाजूला डंख मारते.

अल्कोहोलमधल्या नमुन्याची लव चिकटून काळपट दिसते. तो बाहेर काढून कोमट हवेत वाळवा, मऊ ब्रशने लव मोकळी करा, मगच रंग नोंदवा. नमुना संग्रहासाठी टाचायचा असेल, तर कवच इतकं टणक असतं की बारीक टाचणी वाकते. कीटक टाचायची २ किंवा ३ नंबरची टाचणी वक्षाच्या उजव्या बाजूने घाला.

छटांमागचं कारण मला सर्वांत मोलाचं वाटतं. भडक रंग म्हणजे शत्रूला इशारा. एका भागातल्या अनेक जातींचा पेहराव सारखा असला, तर एकीचा डंख खाल्लेला पक्षी वा सरडा बाकीच्यांनाही टाळतो. उत्तर अमेरिकेतल्या डॅसिम्युटिलाच्या ६५ जातींचे असे ६ गट २०१२ च्या अभ्यासात मांडले गेले.

प्रश्न : नरही असेच दिसतात का?

उत्तर : नाही. नराला पंख असतात, नांगी नसते. कित्येक जातींत नर आणि मादी इतके वेगळे दिसतात की त्यांना पूर्वी दोन नावं दिली गेली. जोडी खात्रीने लावायची तर मीलन करताना सापडलेले नमुने किंवा डीएनए तपासणी हवी.