गणपतीत भरलेलं घर आणि नवा करोना

प्रश्न : डॉक्टर, आम्ही गुहागरजवळ राहतो. मुलगा साडेतीन वर्षांचा, अंगणवाडीत जातो, नाक सतत वाहतं. गणपतीला मुंबईहून चाकरमानी येणार, घर भरून जाईल. करोनाचा नवा प्रकार लहान मुलांत झपाट्याने पसरतो असं ऐकलं. त्याला मास्क लावू, की माहेरी पाठवू? सासऱ्यांना मधुमेह आहे. – एक आई

उत्तर : ताई, माहेरी मुळीच पाठवू नका. त्याचा गणपती कशाला बुडवायचा?

करोनाचा ओमायक्रॉन हा प्रकार २०२१च्या नोव्हेंबरात सापडला; पुढचे जेएन.१, एनबी.१.८.१ हे त्याच्याच वंशातले. लस किंवा जुन्या आजारामुळे आलेली प्रतिकारशक्ती ते बऱ्यापैकी चुकवतात, म्हणून लहान-मोठ्या सगळ्यांनाच पुन्हा होतात. मुलांचं वेगळेपण त्यांच्या वागण्यात आहे. साडेतीन वर्षांचं पोर कडेवर बसतं, मांडीवर जेवतं, गालाला गाल लावून गुपित सांगतं. त्याने अंतर राखायचं तरी कसं? त्यात लक्षणं दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच लागण पसरू शकते, त्यामुळे ठणठणीत दिसणारा पाहुणाही विषाणू घेऊन येऊ शकतो.

मला खरी धास्ती आहे ती कोंडलेल्या हवेची. बाहेर पाऊस, दारं-खिडक्या बंद, गणपतीवर बांधलेल्या माटवीसमोर दाटीवाटीने बसलेली माणसं आणि वरच्या पट्टीतल्या आरत्या. मोठ्याने गाताना तोंडातून निघणारे सूक्ष्म कण साध्या बोलण्यापेक्षा कितीतरी जास्त असतात आणि बंद खोलीत ते बराच वेळ तरंगत राहतात. पाऊस आत आला तर येऊ दे, लादी पुसता येते. आरतीच्या वेळी पुढचं-मागचं दार सताड उघडं ठेवा. भजनाची बारी पडवीत बसवा, आमच्याकडे तरी तसंच करतात.

मास्क मुलाला नको. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना त्याची सक्ती करू नये, असं जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ दोघंही सांगतात. ज्या मोठ्या माणसाला शिंका-खोकला असेल, त्याने लावावा. मुंबईकरांना आधीच फोन करून स्पष्ट सांगा : ताप असेल तर दोन दिवस उशिरा या. राग येईल, येऊ दे. यात जपायचं आहे ते सासऱ्यांना. साठीपुढच्या मधुमेही माणसाला हा आजार नातवापेक्षा खूप जड जातो. सर्दी असलेल्या नातवाला थोडे दिवस त्यांच्या अंथरुणात झोपवू नका.

मुलाची नेहमीची सर्दी बहुधा इतर विषाणूंचीच असते. तिला घाबरू नका. ताप आला तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्या, ॲस्पिरीन कधीच नाही. मात्र तो शांत झोपलेला असताना घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर श्वास मोजा. चाळीस किंवा जास्त भरले, श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, कुत्रं भुंकल्यासारखा खोकला येऊन श्वासाला घरघर लागली, किंवा तो पाणीही पिईना, तर काढा-लेप करत बसू नका. रात्र असली तरी थेट रुग्णालय गाठा.