अमेरिकेतल्या कूपनांवरच्या 'एमक्यू', 'एसक्यू', '$१/२' या खुणांचा अर्थ काय? दोन कूपनं एकाच वस्तूवर चालतात का?

आधी $१/२ बद्दल, कारण नवीन माणसं सर्वात जास्त इथेच फसतात. हा अर्धा डॉलर नव्हे. तिरक्या रेघेआधी सूट, रेघेनंतर नग: दोन नग घेतले तर मिळून एक डॉलर कमी. एकच नग घेतला तर मशीन कूपन नाकारतं. शेल्फवरची २/$५ ही पाटी मात्र उलटी वाचायची, पाच डॉलरला दोन. तिथे बहुतेक दुकानांत एक घेतला तरी अडीचलाच मिळतो. 'मस्ट बाय' लिहिलं असेल तरच दोन घ्यावे लागतात. 'डब्ल्यूवायबी' म्हणजे 'व्हेन यू बाय', अमुक इतकं घेतलंत तर. 'बोगो' म्हणजे एकावर एक. पण पुढे '५० टक्के' असेल तर दुसरा नग फुकट नाही, अर्ध्या किमतीत.

आता तुमचा मुख्य प्रश्न. एमक्यू हे उत्पादक कंपनीचं कूपन, एसक्यू दुकानाचं. एमक्यूचे पैसे दुकान नंतर कंपनीकडून वसूल करतं, एसक्यूचा भार स्वतः सोसतं. म्हणूनच एका नगावर दोन एमक्यू चालत नाहीत, पण एक एमक्यू आणि एक एसक्यू पुष्कळ दुकानांत चालतात. याला 'स्टॅकिंग' म्हणतात. प्रत्येक दुकानाचं कूपन धोरण वेगळं असतं, ते त्यांच्या संकेतस्थळावर आधी वाचा आणि फोनमध्ये ठेवा. काउंटरवर वाद घालण्यापेक्षा ते दाखवणं बरं.

समजा, साबणाच्या दोन बाटल्या प्रत्येकी ६ डॉलरला आहेत. $२/२ चं एक एसक्यू आणि $१/१ ची दोन एमक्यू लावली, तर १२ वजा २ वजा २, म्हणजे ८ डॉलर. पण कर ८ वर लागेलच असं नाही. कॅलिफोर्नियासह अनेक राज्यांत एमक्यूची रक्कम करपात्र राहते, कारण दुकानाला ती मिळणारच असते. मग कर १० डॉलरवर. दर ८ टक्के धरला तर खिशातून जाणार ८.८० डॉलर. या अंतिम रकमेलाच 'ओओपी', म्हणजे 'आउट ऑफ पॉकेट' म्हणतात.

'वन पर परचेस' वाचून घाबरू नका. इथे परचेस म्हणजे एक नग; चार नगांवर चार कूपनं देता येतात. 'वन पर ट्रॅन्झॅक्शन' असेल तर मात्र अख्ख्या बिलावर एकच. कॅशियरही या दोहोंत गल्लत करतात, तेव्हा शांतपणे छापील ओळ दाखवा. 'लिमिट ४ लाइक कूपन्स' असेल तर तसलीच पाचवी चिठ्ठी देऊ नका. 'डीएनडी' म्हणजे 'डू नॉट डबल': दुकान कूपनची किंमत दुप्पट करत असलं तरी हे दुप्पट होणार नाही.

'२५ डॉलरच्या खरेदीवर ५ कमी' असं एसक्यू असेल, तर ते सगळ्यांत आधी द्या. एमक्यू आधी स्कॅन झाली आणि बेरीज २५ च्या खाली गेली, तर काही यंत्रं ते नाकारतात.