सातबाऱ्यावरचं तिसरं नाव

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. तुझ्या कुमार कादंबरीचा आराखडा आणि पहिली प्रकरणं वाचली. पोरगा जमला आहे. १६ वर्षांचा, अकरावी सायन्सचा, शिकवणीला दांड्या मारणारा, कुणी बापाचं नाव काढलं की हात उचलणारा. तो खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, खातो, हे तू एका वाक्यात उरकलं आहेस. तिथे थोडं थांब. पन्नीत घोटलेला खर्रा रोज गालात धरला की तोंड आतून सोलतं आणि तिखट झोंबायला लागतं. ताटातला ठेचा तो गुपचूप बाजूला सारतो आणि आईच्या ते लक्षात येतं, एवढं दाखवलंस तर ‘तो आतून अस्वस्थ होता’ हे वाक्य खोडता येईल.

बापाच्या मृत्यूचं गुपित मात्र चुकीच्या जागी ठेवलं आहेस. अठराव्या प्रकरणात माळ्यावरच्या पेटीतून बापाची डायरी निघते आणि सगळं उलगडतं. यवतमाळकडचा कोरडवाहू कास्तकार सहसा डायरी लिहीत नाही. त्याच्या मागे राहतात कृषी केंद्राची बिलं, सोसायटीचं पासबुक, कापसाच्या काटापट्ट्या म्हणजे वजनाच्या पावत्या, आणि उधारीची वही. दुसरी अडचण याहून मोठी आहे. दीड-दोन हजार वस्तीच्या गावात ११ वर्षं कुणालाच ठाऊक नाही, असं काही राहत नाही. पानठेल्यापासून देवळाच्या पारापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं, फक्त त्या घरच्या लेकराला नसतं. म्हणून ‘काय घडलं’ या प्रश्नावर तुझी कादंबरी फार वेळ तगणार नाही. ‘मला कुणी का सांगितलं नाही’ या प्रश्नावर तगेल.

यातून एक नियम निघतो. जे कागदावर आहे ते लवकर उघड कर, जे फक्त माणसांच्या पोटात आहे ते शेवटपर्यंत राख. हल्ली सातबारा मोबाइलवर दिसतो. जिल्हा, तालुका, गाव आणि गट नंबर टाकला की झालं. आत्या नावाचं माणूस आहे, हे तू २०० पानं लपवून ठेवलंस, पण सातबाऱ्यावर तिचं नाव ढळढळीत असणार. वाचक पोरं हुशार असतात. तिसऱ्या प्रकरणातच म्हणतील, याने फोन का नाही उघडला?

मग तिसऱ्या प्रकरणातच त्याला तो उघडू दे, पण कारण दे. ओबीसीचा विद्यार्थी आहे, पुढे प्रवेशासाठी जात पडताळणी लागणार. त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा शोधतात, म्हणजे आबाजीच्या, त्याच्या आजोबांच्या, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातली नोंद, आणि सोबत वंशावळीचं शपथपत्र. वंशावळ मोठे बाबा, म्हणजे बापाचे थोरले भाऊ, लिहून देतात. त्यात आबाजींना दोन लेकरं, मोठे बाबा आणि याचा बाप. सातबाऱ्यावर मात्र आबाजींचे वारस तीन. मधलं नाव बाईचं. आणि खाली, बापाच्या जागी, खुद्द याचं नाव, त्यापुढे ‘अ. पा. क.’ आणि आईचं नाव. अज्ञान पालनकर्ता. पाच वर्षांचा असल्यापासून आपण या कागदावर आहोत, हे त्याला इथे पहिल्यांदा कळतं. हा धक्का डायरीपेक्षा मोठा आहे, आणि खर्च शून्य. नावापुढे कंसात फेरफार क्रमांक, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदीचा क्रमांक, असतो. जुना फेरफार पाहायला बहुतेक वेळा तलाठ्याकडे किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करावा लागतो. तलाठी ‘मोठ्या बाबांना घेऊन ये’ म्हणतो. तिथून पुढचा रस्ता माणसांतून जातो.

तुझ्या आराखड्यात तीन गुपितं सुटी-सुटी लटकली आहेत: बापाचा मृत्यू, आत्याशी तुटलेलं नातं, जमिनीचा वाद. ती एका दोऱ्यात ओव. आबाजी गेले, वारस नोंद झाली, तिघांची नावं चढली. वाटणी करून बापाला स्वतःच्या हिश्श्यावर कर्ज काढायचं होतं, त्याला सगळ्या खातेदारांच्या सह्या लागतात. आत्याने सही दिली नाही. बँकेचं दार बंद, म्हणून बाप गावातल्या बिनपरवान्याच्या सावकाराकडे गेला. २०१३ साल धर. त्या पावसाळ्यात विदर्भात अतिवृष्टीने पिकं खरवडून गेली होती. सप्टेंबरात बापाने जीव दिला. सरकारी मदत एक लाखाची, ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. पण निकष असा की कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं. तसा कागदच नाही, म्हणून प्रकरण अपात्र. घरात ११ वर्षं एकच वाक्य चालतं: ‘बहिणीनं सही केली नाही, म्हणून भाऊ गेला.’

आणि सगळ्यांच्या पोटातली गोष्ट ही, की आत्यापुढे ठेवलेला कागद वाटणीचा नव्हताच. मोठ्या बाबांनी तिच्यापुढे हक्कसोडपत्र, म्हणजे आपला वाटा सोडल्याचा कागद, ठेवलं होतं, तेही एकट्या स्वतःच्या नावाने. तिने नकार दिला तो आपला वाटा एकट्या थोरल्याकडे जाऊ नये, धाकट्या भावालाही त्यातलं मिळावं म्हणून. पोरगा त्याच मोठ्या बाबांच्या ताटात जेवतो आहे. खलनायक वेगळा आणू नकोस. पोराच्या फीचे पैसे भरणारा माणूसच तो असू दे.

आता वहीत एक तक्ता आख. प्रत्येक पात्रापुढे पाच रकाने: काय ठाऊक आहे, केव्हापासून, गप्प राहण्याचं कारण, विचारलं तर काय थाप मारतो, आणि गप्प राहिल्याची किंमत काय मोजतो. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर ते पात्र लाकडी होणार. आईचा रकाना भर: तिला ठाऊक आहे, पण दिराच्या घरात राहून बोलली तर पोराचं शिक्षण थांबेल. आजीचा वेगळा. तिला दोन्ही पोरं तिचीच.

आजीला खोटं बोलायला लावू नकोस, विषय बदलायला लाव.

‘आजी, बाबाले आखरी कोनं पाह्यलं होतं?’
‘भाकर थंडी होऊन राह्यली. जेव पह्यले.’

दोन ओळी पुरतात. हेच उत्तर तिसऱ्यांदा येईल तेव्हा त्याने ताट सरकवावं. तुझ्या मसुद्यात आजी अश्रू ढाळत पानभर बोलते. ते पान काढ.

पुराव्याची वस्तू एकच, पण तीनदा आण. काटापट्टी घे. पहिल्यांदा ती रद्दीत पडलेली, पोरगा तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर फिजिक्सची सूत्रं लिहितो. दुसऱ्यांदा पुढची बाजू दिसते: बापाचं नाव, १२ क्विंटल कापूस, तारीख जानेवारी २०१४. बाप तर सप्टेंबरातच गेलेला. म्हणजे बाप जिवंत आहे? हा चुकीचा अर्थ त्याला चार-पाच प्रकरणं पळवेल, आणि वाचकालाही. तिसऱ्यांदा अडत्याचा दिवाणजी सहज सांगून जातो, ‘सातबाऱ्यावर ज्याचं नाव, त्याच्या नावानं माल जाते, आणणारा कोनी का असेना.’ बापाने पेरलेला कापूस मोठ्या बाबांनी विकला. त्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ४,००० होता, म्हणजे ४८ हजारांच्या आसपास. आईने त्यातला रुपया पाहिला नाही. खोटा अर्थ खऱ्याइतकाच पटणारा हवा. नाहीतर वाचकाला फसवल्यासारखं वाटतं आणि तो पुस्तक मिटतो.

पाठलागाच्या रात्रीबद्दल. पोळ्याच्या रात्री टिपूर चांदण्यात पांढऱ्याशुभ्र कपाशीतून तो पळतो, असं लिहिलंस. पोळा श्रावण अमावास्येला, चांदणं कुठून? आणि तेव्हा कपाशी पात्या-फुलांवर असते. बोंडं फुटून वेचणी लागते ती दसरा-दिवाळीच्या सुमारास. गावाकडचा वाचक इथेच पुस्तक खाली ठेवेल. हा प्रसंग डिसेंबरात ने, हरभऱ्याच्या ओलिताला. थ्री फेज रात्रीची येते, तेव्हा १६ वर्षांचं पोरगं एकटं वावरात असायला कुणाला कारण द्यावं लागत नाही. तो दांड फोडून पाणी वळवतो आहे. एकाएकी मोटार बंद. लाइन गेली म्हणून तो बसून राहतो. मग लक्षात येतं की शेजारच्या वावरातली मोटार चालूच आहे. बॅटरी घेऊन विहिरीवर येतो तर फ्यूजची ग्रिप काढून पेटीवर नीट ठेवलेली. रानडुक्कर ग्रिप काढत नाही. इथे प्रकरण संपव. किंकाळी, वीज, घुबड काही नको.

भाषेचं थोडक्यात. निवेदन प्रमाण मराठीत, संवाद वऱ्हाडीत. ‘मले, तुले, काऊन, कुठी’ पुरेसं आहे. प्रत्येक ‘ळ’चा ‘य’ करत बसलीस तर पुण्या-कोल्हापूरचं पोरगं अडखळेल. ‘डोया’ आजीच्या तोंडी ठेव, मास्तरांच्या नको. आणि भंडारा-गोंदियाकडची झाडीबोली यात मिसळू नकोस, ती वेगळी आहे.

लांबी ३५ ते ४० हजार शब्द, २२-२४ प्रकरणं. पहिल्या दोन पानांत प्रश्न, सहाव्या प्रकरणापर्यंत आत्याचं गाव, बाराव्यापर्यंत ‘बाप जिवंत आहे’ हा भ्रम फुटलेला. तारखांचा वेगळा कागद कर: साल, प्रत्येकाचं वय, वावरात कोणतं पीक, कोणता सण. चुका सगळ्यात जास्त इथे होतात. तुझी आत्या एका पानावर बापाहून मोठी आहे, दुसऱ्यावर धाकटी.

एका गोष्टीत मात्र तडजोड नको. बापाने जीव कसा दिला, याची रीत, औषधाचं नाव, प्रमाण काहीही लिहायचं नाही. चिठ्ठी नको, त्यागाचा गंध नको. तुझे वाचक १४-१५ वर्षांचे आहेत आणि त्यातल्या काहींच्या घरात हे घडलेलं आहे. पोरगा स्वतः त्या कडेला जातो त्या प्रकरणात ज्याच्याशी तो बोलू शकेल असं एक मोठं माणूस हवं. शाळेतल्या बाई चालतील. त्यांच्या फोनमधून १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर लागू शकतो. कथा २०२४ ची आहे, तेव्हा तो चालू होता.

शेवट अजून ठरवू नकोस. आत्या सही करते का, आणि कोणत्या कागदावर, हे लिहिता लिहिता कळेल. फक्त एवढं ध्यानात ठेव: दस्त नोंदवायला तालुक्याला दुय्यम निबंधकाकडे जावं लागतं आणि दोन साक्षीदार लागतात. पोरगा १६ चा, त्याची साक्ष चालत नाही. ते दोघे साक्षीदार गावातले कोण, आणि ११ वर्षं गप्प बसलेल्यांपैकी आहेत का, ते ठरवून तक्त्यात लिही आणि तक्ता पाठव. नवी प्रकरणं त्यानंतर.