कोरा कागद घे आणि नाव लिही

प्रिय दोस्त,

दोस्त हॉस्पिटलात होता, तुम्ही सहा जण रात्रभर पायऱ्यांवर बसलात आणि सकाळी त्याच्या घरच्यांनी आल्या आल्या हाकलून दिलं. 'एकमेकांचं कुटुंब म्हणवतो, ते काय नुसतं बोलायला?' हा तुझा प्रश्न. राग समजतो. पण त्या सहांपैकी एकाचं तरी नाव कुठे लिहिलेलं होतं का?

सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने आपण क्वीअर लोक (समलिंगी, ट्रान्स वगैरे) गुन्हेगार उरलो नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात समलिंगी लग्नाचा हक्क मिळाला नाही. त्यामुळे काउंटरवर 'पेशंटचे तुम्ही कोण?' विचारलं की आपली दातखीळ बसते. उत्तर आधी लिहून ठेवावं लागतं, तब्येत धड असताना.

सगळ्यात सोपा कागद मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम १४ मध्ये आहे. कोऱ्या कागदावर आपला प्रतिनिधी नेमायचा, खाली सही करायची, त्याची लेखी संमती घ्यायची. तो सज्ञान हवा. नातेवाईकच हवा अशी अट नाही. स्टॅम्प नको, वकील नको. मात्र हा कागद मानसिक आजाराच्या उपचारांपुरताच. पाय मोडला तर तो दाखवू नकोस. तिथे पहिल्याच भेटीत केसपेपरवर संपर्कासाठी दोस्ताचं नाव घालून घ्यायचं.

पैशांचं वेगळं. क्वीअर जोडीदारांना संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला कसलीही आडकाठी नाही, हे अर्थ मंत्रालयाने २८ ऑगस्ट २०२४ ला स्पष्ट केलंय. ते पत्र फोनमध्ये ठेव, खिडकीवरच्या माणसाला माहीत असेलच असं नाही. आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे! बँक पैसे त्याच्या हातात देईल, पण वारस मागे लागू शकतात. म्हणून मृत्युपत्र. दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही. ज्याला द्यायचंय त्यालाच साक्षीदार करू नकोस.

आता अवघड भाग. ट्रान्स दोस्ताचं घरी एक नाव, ग्रुपमध्ये दुसरं, आधारवर कधी पहिलं तर कधी दुसरं. रात्री दोन वाजता रिसेप्शनला कोणतं सांगायचं? घरी फोन लावला तर कोणत्या नावाने विचारायचं? हे त्यालाच विचारून एका पानावर लिहा. त्याच पानावर रक्तगट, अ‍ॅलर्जी, चालू औषधं डोससकट (हार्मोन्ससुद्धा, डॉक्टरपासून ती लपवणं धोक्याचं), घरातल्या कोणाला कळवायचं आणि कोणाला अजिबात नाही. पान बंद पाकिटात दोस्ताकडे. जो घरच्यांसोबत राहतो त्याने ते स्वतःच्या कपाटात ठेवू नये, भलत्याच्या हाती पडलं की सगळं उघड.

अडचणीतल्या दोस्तांचे रात्रीचे फोन एकट्याने घेत बसू नकोस. दोघांची पाळी लावा, महिन्याने बदला. कोणी जीव द्यायची भाषा केली तर एकाने त्याच्यासोबत राहायचं आणि दुसऱ्याने १४४१६ (टेलि-मानस, सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) लावायचा.

एवढ्या कागदांवरून लोक मला कारकून म्हणतात. म्हणोत. पायऱ्यांवर बसणाऱ्यांचं प्रेम कमी नसतं, त्यांच्याकडे कागद नसतो.

जोडीदाराचंच नाव घालायला हवं असं नाही. खरं तर जवळ राहणारा, फोन उचलणारा, चारचौघांत न घाबरणारा दोस्त बरा. नातं तुटलं तर प्रतिनिधी कधीही बदलता येतो. फक्त बँकेतलं नावही त्याच आठवड्यात बदल, ते हमखास विसरतं.