मुलीच्या खाण्याच्या सवयींवरच्या प्रश्नावलीत दोन 'हो' आले, पण वजन व्यवस्थित आहे. काळजी करावी का?

हो, करावी. घाबरून जाऊ नका, पण या आठवड्यातच डॉक्टरांकडे जा. मी कनिष्ठ महाविद्यालयात समुपदेशक आहे, असे कागद दरवर्षी माझ्याकडे येतात.

तुम्ही सांगता ते पाच प्रश्न 'स्कॉफ'चे, म्हणजे खाण्याच्या विकारांची शंका तपासणाऱ्या छोट्या प्रश्नावलीचे. लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी ते 1999 मध्ये प्रसिद्ध केले. खाऊन जड वाटलं की मुद्दाम उलटी काढतेस का? खाण्यावरचा ताबा सुटल्याची धास्ती वाटते का? तीन महिन्यांत सहा-साडेसहा किलो वजन उतरलं का? लोक बारीक म्हणत असताना स्वतःला जाड वाटतेस का? दिवसभर डोक्यात खाण्याचेच विचार असतात का? दोन 'हो' म्हणजे पुढची तपासणी हवी, एवढाच त्याचा अर्थ. निदान मुलीशी सविस्तर बोलूनच होतं. ज्यांना लपवायचं असतं त्या पाचही ठिकाणी सरळ 'नाही' लिहितात. तुमच्या मुलीने शेजारी मैत्रीण बसलेली असताना दोनदा 'हो' लिहिलं, ते मला फार मोलाचं वाटतं.

वजनावर विसंबू नका. बुलिमियात, म्हणजे भरमसाठ खाऊन मग उलटीसारख्या मार्गांनी ते बाहेर काढण्याच्या आजारात, ते बहुतेकदा नेहमीसारखंच असतं. पाळी नियमित आहे यावरही विसंबू नका. अ‍ॅनोरेक्सियाच्या, म्हणजे जाड होण्याच्या भीतीने खाणं तोडण्याच्या आजाराच्या निदानासाठी पाळी बंद झालेली असण्याची अट 2013 मध्ये डीएसएम-5 ने, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकी नियमावलीने, काढून टाकली, कारण पाळी चालू असलेल्या आजारी मुली निसटत होत्या.

आपल्याकडे आणखी एक आडोसा असतो, उपासाचा. एका मुलीची आई मला कौतुकाने सांगत होती, "आमची फार श्रद्धाळू आहे हो." आधी फक्त चतुर्थी, मग सोमवार, मग गुरुवार, शनिवार. मी विचारलं, उपासाला काय खाते? घरात खिचडी व्हायची, दाण्याची आमटी व्हायची, ही मात्र नुसतं लिंबूपाणी घ्यायची. आम्ही बोलत असताना मुलगी उजवा हात ओढणीखाली धरून बसली होती. वही घ्यायला हात पुढे केला तेव्हा बोटांच्या पेरांवर घट्टे दिसले. घशात बोटं घालून उलटी काढताना दात घासून पडतात तसे. घरात रोज तिच्या हातचा चहा घेणाऱ्यांच्या ते लक्षात आलं नव्हतं, आणि त्यांना मी दोष देत नाही.

डॉक्टरांना नाडी, झोपून आणि उभं राहून रक्तदाब, ईसीजी आणि रक्तातलं पोटॅशियम बघायला सांगा. वारंवार उलट्यांनी पोटॅशियम उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. चक्कर येऊन पडली, छातीत धडधडलं किंवा पाणीही बंद केलं, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. नंतर मानसोपचारतज्ज्ञ. जवळपास कोणी नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

आज रात्री ताटावरून काही बोलू नका. जेवणं आटोपल्यावर तिच्याशेजारी बसा आणि म्हणा, "तू कागदावर खरं लिहिलंस, बरं केलंस. कधीपासून होतंय गं असं?" मग ती बोलेपर्यंत थांबा.