गीझरची कॉइल ‘कमज़ोर’ झाली का?

प्रश्न : आमचा गीझर १५ लिटरचा, २००० वॅटचा. हल्ली पाणी तापायला फार वेळ लागतो. मेस्त्री म्हणाला, ‘‘मैडम, कॉइल कमज़ोर हो गई है, बदलवा लो.’’ सियागंजातला दुकानदार म्हणतो स्टॅबिलायझर घ्या. पॉलिटेक्निकला शिकणाऱ्या भाच्याने मीटर लावून पाहिलं. गीझर बंद असताना बोर्डावर २२८ व्होल्ट, चालू केल्यावर २०१ व्होल्ट आणि ७.६ अँपिअर. आता कोणाचं ऐकू?
— एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : ताई, भाच्याचं ऐका. त्याने बंद आणि चालू अशी दोन्ही रीडिंगं घेतली, इथेच अर्धं काम झालं. बरेच जण नुसता टेस्टर लावतात, तो पेटला की ‘लाइट आ रही है’ म्हणून मोकळे होतात.

आधी कॉइलचा निकाल लावू. व्होल्टला अँपिअरने भागलं की रोध मिळतो, म्हणजे तार करंटला किती अडवते ते. २०१ भागिले ७.६ म्हणजे साधारण २६.४ ओहम. आता गीझरवरची पट्टी वाचा : २००० वॅट, २३० व्होल्ट. २३० चा वर्ग ५२,९००, त्याला २००० ने भागा, येतात २६.४५ ओहम. कारखान्यातून निघाली तेव्हा जेवढा रोध होता तेवढाच आजही आहे. तुमची कॉइल ठणठणीत आहे. आणि ‘कमज़ोर’ हा प्रकार कॉइलच्या बाबतीत सहसा नसतोच; ती चालते, नाहीतर तुटते. बोअरच्या पाण्याचा खार चढला तरी वॅट कमी होत नाहीत. कॉइल आतून जास्त तापते, लवकर जळते, पण उष्णता जाते ती पाण्यातच.

मग पाणी का तापत नाही? आता व्होल्ट गुणिले अँपिअर करा : २०१ × ७.६, म्हणजे सुमारे १५२८ वॅट. पट्टीवरचे २००० वॅट फक्त २३० व्होल्टला खरे. रोध तोच राहिला तर व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबाने वॅट घटतात, त्यामुळे १३ टक्के व्होल्टेज गेलं की २४ टक्के ताकद जाते. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ५० वर न्यायला पूर्ण २००० वॅट मिळाले तर पावणेसोळा मिनिटं पुरतात. तुम्हाला साडेवीस लागत असणार, टाकीतून झिरपणारी उष्णता वेगळी.

इथवर फक्त गैरसोयीची गोष्ट झाली. मला काळजी वाटते ती त्या २७ व्होल्टांची. गीझर लावताच २२८ चे २०१ झाले, मधले २७ व्होल्ट वाटेत कुठेतरी खर्च होताहेत. २७ भागिले ७.६, म्हणजे साडेतीन ओहम. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला १२ ओहमच्या आसपास असतो. मेनपासून न्हाणीघर २० मीटरवर धरलं तर जाऊन-येऊन ४० मीटर तार, म्हणजे जेमतेम अर्धा ओहम. बाकीचे तीन ओहम तारेचे नव्हेत. ते कुठल्यातरी ढिल्या जोडाचे आहेत. आणि २७ × ७.६ म्हणजे २०५ वॅट, एवढी उष्णता पाण्यात न जाता वाटेतच निघते आहे. सगळी एकाच जोडावर निघत असती तर एव्हाना जळका वास आला असता, तेव्हा ती दोन-तीन ठिकाणी वाटली गेली असावी. पण भिंतीत किंवा बोर्डात १०० वॅटची शेगडी असणं हेही काही शोभेचं नाही.

स्टॅबिलायझर तर मुळीच घेऊ नका. तो गीझरला २३० व्होल्ट देईल खरा, पण त्यासाठी मागून जास्त करंट ओढेल. हिशेब केला तर साडेदहा अँपिअर होतात आणि त्या ढिल्या जोडांवरची उष्णता २०५ वरून ३९० वॅटच्या घरात जाते. रोगाला खुराक घालण्यातला हा प्रकार.

जाणत्या वायरमनला बोलवा आणि गीझर चालू ठेवून मेन स्विचवर व्होल्टेज मोजायला सांगा. तिथेही २००-२०५ दिसलं तर दोष बाहेर, खांबापासून मीटरपर्यंतच्या तारेत. मग विद्युत कंपनीकडे तक्रार करायची, घरातलं काही खोलायचं नाही. तिथे २२५ राहिलं तर दोष घरात. मग मेन बंद करून सॉकेट उघडा. गीझर १६ अँपिअरच्या सॉकेटवरच आहे ना, तेही पाहा. जुन्या घरांत अ‍ॅल्युमिनिअमच्या तारेला तांब्याची तार पिळून वर टेप गुंडाळलेली असते, माझा पहिला संशय तिच्यावर. न्यूट्रलचे, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेचे, जोड विसरू नका. फेजकडे सगळे बघतात, न्यूट्रलकडे कोणी नाही.

प्रश्न : १०० वॅटच्या जुन्या, तारेच्या बल्बचा रोध मल्टिमीटरने मोजला, ४० ओहम आला. सूत्रात (२३० चा वर्ग भागिले रोध) घातला तर १३०० वॅट येतात! सूत्र चूक की मीटर?
— इयत्ता दहावीतला वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : दोन्ही बरोबर. जॉर्ज ओहमने १८२७ मध्ये मांडलेला नियम तापमान तेच राहील तेव्हाचा आहे. तू बल्ब थंड असताना मोजलास. पेटल्यावर टंगस्टनची तार अडीच हजार अंशांच्या आसपास जाते आणि रोध बारा-तेरा पट होतो, ५२९ ओहम. बटण दाबल्याच्या क्षणी मात्र ४० ओहमच असतात, म्हणून क्षणभर पावणेसहा अँपिअरचा धक्का बसतो. असे बल्ब बहुधा लावतानाच का उडायचे, ते आजोबांना विचार, त्यांनी पाहिलं असेल. वरच्या ताईंच्या गीझरमध्ये नायक्रोमची (निकेल-क्रोमिअमच्या मिश्रधातूची) तार असते, तिचा रोध तापल्यावर फारसा बदलत नाही, तिथे थंड असताना मोजलं तरी चालतं.

५२९ बघायचे असतील तर प्रयोगशाळेत सरांसमोर पेटलेल्या बल्बचा करंट मोज. तो फक्त ०.४३ अँपिअर असतो, क्लॅम्प मीटरवर (तारेभोवती चिमट्यासारखं बसवून करंट मोजायचं मीटर) नीट दिसत नाही. सरांना सप्लाय बंद करून दोनपैकी एकाच तारेचे दहा वेढे क्लॅम्पमधून घ्यायला सांग आणि आलेल्या आकड्याला दहाने भाग. दोन्ही तारा एकदम घातल्यास तर मीटर शून्य दाखवील.