खून आयर्लंडमध्ये, शिक्षा पॅरिसमध्ये आणि आरोपी मोकळा, हे कसं झालं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. सोफी तोस्कां द्यु प्लांतिए या फ्रेंच बाईंचा खून आयर्लंडमध्ये झाला तर खटला पॅरिसला कसा काय चालला, आणि २५ वर्षांची शिक्षा होऊनही आरोपी इयन बेली, म्हणजे तिथेच राहणारा इंग्लिश पत्रकार, एकही दिवस फ्रेंच तुरुंगात का गेला नाही. फौजदारी कोर्टात माझी बरीच वर्षं गेलीत आणि ही केस मी सोडून सोडून वाचत आलोय, त्यामुळे जरा सविस्तरच लिहितो.

हद्दीचा मुद्दा तसा सोपा आहे. गुन्हा जिथे घडला तिथलंच कोर्ट, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण बऱ्याच देशांचे कायदे म्हणतात की आरोपी आमचा नागरिक असेल तर गुन्हा कुठेही घडो, आम्ही खटला चालवू. फ्रान्स आणखी एक पाऊल पुढे जातो. मयत व्यक्ती फ्रेंच असेल तर आरोपी कुठल्याही देशाचा असला तरी गंभीर गुन्ह्याचा खटला फ्रान्समध्ये चालू शकतो. फक्त त्याच गुन्ह्याचा अंतिम निकाल दुसऱ्या देशात आधीच लागलेला नसावा. इथे आयर्लंडमध्ये खटला उभाच राहिला नव्हता. बेलीला दोनदा अटक झाली, दोन्ही वेळा आरोप न ठेवता सोडलं, आणि तिथल्या सरकारी अभियोग कार्यालयाने पुरावा पुरेसा नाही असं ठरवलं. त्यामुळे फ्रान्सचा रस्ता मोकळा राहिला.

खरी अडचण पुराव्याची होती. खून झाला २३ डिसेंबर १९९६ ला, आयर्लंडच्या वेस्ट कॉर्क भागातल्या स्कल गावाजवळ, त्यांच्या सुट्टीतल्या घराच्या वाटेवर. सरकारी शवचिकित्सक दुसऱ्या दिवशी पोचले, म्हणजे डिसेंबरच्या थंडीत मृतदेह रात्रभर उघड्यावर, आणि मृत्यूची नेमकी वेळ सांगणं मग अवघड झालं. जवळच्या फाटकावर रक्ताचे डाग होते, ते फाटक पोलिसांनी जप्त केलं आणि नंतर ते त्यांच्याच ताब्यातून गायब झालं. एखादी डबी किंवा पाकीट हरवलं तर समजू शकतो, हे अख्खं फाटक होतं हो! खुनाच्या मुद्देमालाची ही हालत वाचली की मला आजही चीड येते. त्यात एका महत्त्वाच्या साक्षीदार बाईने बेलीला त्या रात्री रस्त्यावर पाहिल्याचं आधी सांगितलं होतं, ते तिने २००५ मध्ये मागे घेतलं. आता मला सांगा, जिथे गुन्हा घडला तिथेच पुरावा असा विस्कटला असेल तर तो दुसऱ्या देशात नेल्यावर सुधारणार कसा?

तरी सोफींच्या घरच्यांनी सोडलं नाही आणि मी त्यांच्या जागी असतो तर मीही सोडलं नसतं. फ्रान्समध्ये दफन केलेला मृतदेह २००८ मध्ये पुन्हा बाहेर काढून तपासला, फ्रेंच तपास अधिकारी आयर्लंडला जाऊन जबाब घेऊन आले. मे २०१९ मध्ये पॅरिसला खटला चालला, आरोपी गैरहजर, ज्युरी नाही, तीन न्यायाधीश. बोलावलेल्या आयरिश साक्षीदारांपैकी फार थोडे आले कारण दुसऱ्या देशाचं कोर्ट त्यांना यायला भाग पाडू शकत नव्हतं. सोफी गेल्या तेव्हा त्यांचा मुलगा १५ वर्षांचा होता. खटल्याआधी तो वेस्ट कॉर्कमधल्या गोलीनच्या चर्चमध्ये उभा राहून गावकऱ्यांना विनंती करत होता की कृपा करून पॅरिसला या. बाकी जे होतं ते जबाबांचे कागद. कागदाची उलटतपासणी होत नाही, म्हणूनच मागे घेतलेला जबाबसुद्धा तिथे वजन धरून राहिला. घरच्यांचं दुःख मला पूर्ण मान्य आहे, पण आरोपीच्या वकिलाने साक्षीदाराला समोरासमोर प्रश्न विचारल्याशिवाय झालेली खुनाची शिक्षा मला कमकुवतच वाटते, आणि बेली तर शेवटपर्यंत गुन्हा नाकारत होता.

मग त्याला फ्रान्सच्या ताब्यात का दिलं नाही? फ्रान्सने तीनदा मागितलं, आयरिश कोर्टांनी २०१२, २०१७ आणि २०२० असं तीनदा नाकारलं. २०२० चं कारण नीट बघा. आयर्लंडचा कायदा परदेशात झालेल्या खुनाबद्दल स्वतःच्या नागरिकावर खटला चालवू देतो पण मयत आयरिश आहे एवढ्यावरून कुठल्याही परक्या नागरिकावर नाही. बेली इंग्लिश होता. म्हणजे उलट परिस्थितीत आयर्लंडला जो अधिकार मिळाला नसता तो फ्रान्स वापरत होता, म्हणून नकार. पण आयर्लंडबाहेर पाऊल टाकलं तर अटकेची टांगती तलवार होतीच, त्यामुळे तो तिथेच अडकून राहिला आणि जानेवारी २०२४ मध्ये वारला.

आता असं भारतात होऊ शकतं का, तेही थोडक्यात. भारतीय नागरिकाने परदेशात खून केला तर इथे खटला चालू शकतो, आधी भारतीय दंड संहितेचं कलम ४ होतं, आता १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १ मध्येच ते आलंय. मात्र केंद्र सरकारची मंजुरी लागते, पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १८८, आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं २०८. इथे लोक फसतात. पोलीस मंजुरीचं कारण सांगून तक्रारच घेत नाहीत, पण २०११ च्या थोटा वेंकटेश्वरलू निकालात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की तपासाला आणि कोर्टाने दखल घ्यायला मंजुरी लागत नाही, ती लागते पुढे खटला चालवायला. मात्र मयत भारतीय आहे एवढ्यावरून परक्या माणसावर इथे खुनाचा खटला, अशी फ्रान्ससारखी सरसकट तरतूद न्याय संहितेत नाही.

आणि कुणाच्या घरात खरंच अशी वेळ आली असेल तर इथल्या वकिलाकडे धावायच्या आधी दूतावासामार्फत तिथल्या शवविच्छेदन अहवालाची प्रमाणित प्रत मागा, तिथला केस नंबर आणि तपास अधिकाऱ्याचं नाव लिहून घ्या, आणि जप्त केलेल्या वस्तू जपून ठेवाव्यात असा लेखी अर्ज तिथल्या तपास यंत्रणेकडे पहिल्याच आठवड्यात द्या, पोच घेऊन.